चॉकलेटच्या पानांवर सोनेरी चमक: डस्ट कोरडी, साचा कोरडा, हात हलका

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई-बाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, दोन किलोचा चॉकलेट केक, वर व्हिप्ड क्रीम, आणि त्यावर डार्क कंपाउंडची (कोको बटरऐवजी दुसरा मेद वापरलेल्या चॉकलेटची) पानं आणि फुलपाखरं, सगळी सोनेरी. सरावासाठी केलेल्या पानांवर सोनेरी डस्ट, म्हणजे चमक आणणारी बारीक पावडर, व्हॅनिला इसेन्समध्ये कालवून ब्रशने लावली. दुसऱ्या दिवशीही ती चिकटच राहिली, पट्टे दिसायला लागले, आणि फ्रीजमधून काढल्यावर थेंब जमून सोनं ओघळलं. डस्ट कालवायला वोडका सुचवतात, पण घरी ती चालत नाही. डबीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलंय, तेव्हा ती चालेल ना? आणि शेवटी, कोणत्या कंपनीची डस्ट घ्यावी?

कंपनी बदलून यातलं फारसं काही सुटणार नाही. तुमच्याकडे तीन वेगवेगळ्या अडचणी एकाच पानावर येऊन बसल्यात. डबी बहुधा खाण्याची नाही, कालवायला घेतलेला द्रव चुकीचा आहे, आणि त्यावर फ्रीजचं दव पडलंय. या क्रमानेच घेऊ, कारण पहिलं नीट झालं नाही तर पुढचं कौशल्य वाया जातं.

'नॉन-टॉक्सिक' म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. शाळेतल्या क्रेयॉनवरही तो शब्द असतो. डबीवर घटकांची यादी, एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक, हिरवी किंवा तपकिरी खूण, बॅच क्रमांक आणि मुदत, एवढं सगळं असेल तर ती खाण्याची वस्तू म्हणून विकलेली आहे. 'फक्त सजावटीसाठी' किंवा 'खाण्यापूर्वी काढून टाका' असं लिहिलेली डबी खाण्याच्या पानावर लावायची नाही. खाण्याच्या डस्टच्या यादीत बहुतेक वेळा अभ्रक दिसतं (पोटॅशियम ॲल्युमिनियम सिलिकेट, आयएनएस ५५५ या खाद्य घटकाच्या क्रमांकानेही), त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे १७१ आणि आयर्न ऑक्साइड म्हणजे १७२. क्राफ्टच्या दुकानातल्या सोनेरी पावडरीत मात्र पुष्कळदा पितळेची किंवा तांब्याची बारीक भुकटी असते. ती अभ्रकापेक्षा जास्त झळकते, म्हणूनच मोह होतो. २०१८ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाचा केक खाऊन मुलांना उलट्या-जुलाब झाले होते. केकवरच्या सोनेरी थरात तांबं भरपूर निघालं. तुमच्या डबीवर घटकांची यादीच नसेल, तर ती कागदी फुलांसाठी ठेवा.

दोन छोट्या गोष्टी याच ओघात. लाल, गुलाबी आणि रोझ गोल्ड छटांमध्ये कधीकधी कार्माइन असतं, आयएनएस १२०. ते किड्यांपासून बनतं, त्यामुळे शाकाहारी घरी तपकिरी खूण आहे का ते बघून घ्या. आणि युरोपात राहून केक करणाऱ्यांसाठी: युरोपीय संघात टायटॅनियम डायऑक्साइड खाद्यपदार्थांत वापरायला २०२२ पासून बंदी आहे. टायटॅनियम असलेली, भारतातून नेलेली डबी तिथे विकायच्या केकवर वापरता येणार नाही, तिथली टायटॅनियमविरहित डस्ट घ्यावी लागेल. ती थोडी सौम्य दिसते.

आता मुख्य मुद्दा. डस्टमध्ये अभ्रकाचे अगदी सूक्ष्म, चपटे पापुद्रे असतात आणि त्यांच्यावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. हे पापुद्रे पृष्ठभागावर आडवे, एकाला एक लागून बसले की प्रकाश एका दिशेने परततो आणि धातूसारखी झळाळी दिसते. तेच वेडेवाकडे, उभे-तिरपे राहिले की प्रकाश विखुरतो आणि पिवळट मातकट रंग तेवढा उरतो. डस्ट लावायच्या प्रत्येक पद्धतीत खरं काम एकच असतं, पापुद्रे आडवे झोपवायचं. हे डोक्यात राहिलं की कोरडी डस्ट घासून लावल्यावर का खुलते आणि दाट पेस्ट थापल्यावर का मरते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

इसेन्सने काय झालं? बाजारातल्या बहुतेक व्हॅनिला इसेन्समध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि पाणी असतं. ग्लायकॉल उडून जात नाही, उलट हवेतला ओलावा धरून ठेवतं. म्हणून पान दुसऱ्या दिवशीही चिकट. पाण्याचा त्रास वेगळा. चॉकलेटचा पृष्ठभाग तुपकट असतो, त्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन सरकतं आणि ब्रशचे पट्टे तसेच राहतात. शिवाय ते वरची साखर विरघळवतं, आणि वाळलं की खरखरीत पांढुरका थर मागे राहतो. खाण्याचं तेल घेतलं तर ते वाळतच नाही, बोटाला सोनं लागत राहतं. ग्लिसरीन, मध, साखरेचा पाक यांचंही तेच. सॅनिटायझर, सर्जिकल स्पिरिट आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल ही खाण्याची द्रव्यं नाहीत. 'उडून जातं ना' हा युक्तिवाद इथे चालवू नका.

वोडकाबद्दल इतरांसाठी एवढंच सांगते. भारतात मिळणाऱ्या वोडकात साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. फाँडंटवर, म्हणजे साखरेच्या लेपावर, ते निभावतं, चॉकलेटवर हळू वाळतं आणि वर सांगितलेले पाण्याचे दोष थोडे तरी दाखवतंच. परदेशात ९५ टक्क्यांच्या आसपासचं खाण्याचं ग्रेन अल्कोहोल मिळतं, ते मिनिटभरात उडतं आणि चॉकलेटवर छान काम करतं. तुम्हाला त्याची गरज नाही. पानं आणि फुलपाखरांसाठी द्रवाशिवायची पद्धत मुळातच जास्त चांगली आहे.

पानांसाठी मी साच्यात आधी डस्ट आणि मग चॉकलेट हाच क्रम घेते. पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, साचा असेल तर कापसाने प्रत्येक खाचा कोरडाच घासून चकचकीत करा. सिलिकॉनचा असेल तर धुऊन किमान रात्रभर वाळवा, कारण शिरांच्या खाचांत पाणी लपून राहतं. नवा, मऊ, गोल टोकाचा ब्रश घ्या, आयशॅडोचा न वापरलेला ब्रशही चालतो. चिमूटभर डस्ट कागदावर काढा, ब्रशला थोडीशी लावा, साच्यात फिरवा आणि मग बोटाच्या टोकाने दाबून घासा. या घासण्यानेच पापुद्रे झोपतात. शेवटी साचा कागदावर उलटा करून जोरात आपटा. जी पडायची ती डस्ट पडू द्या, ती परत डबीत घालता येते. हा टप्पा गाळला तर शिरांत डस्टचे गोळे राहतात आणि तिथे चॉकलेट पोचत नाही.

आता कंपाउंड. चिरून मायक्रोवेव्हमध्ये मध्यम पॉवरवर ३० सेकंद, ढवळणं, पुन्हा १५-१५ सेकंद. साच्यात ओतताना ते ४० ते ४२ अंश असावं. थर्मामीटर नसेल तर एक थेंब खालच्या ओठाला लावा. जेमतेम कोमट लागला, चटका बसला नाही, की बरोबर. पन्नासच्या वर गेलेलं कंपाउंड साच्यात ओतलं की गरम पातळ मेद डस्टला आत ओढतो आणि सोनं पृष्ठभागावर राहायच्या ऐवजी बुडतं. पान दोन-तीन मिलिमीटर जाडच ठेवा. साचा ओट्यावर चार-पाच वेळा आपटून बुडबुडे काढा, आठ-दहा मिनिटं फ्रीजमध्ये, आणि पान कडेने सुटलेलं दिसलं की बाहेर. जास्त वेळ ठेवून काही फायदा होत नाही, पान फक्त जास्त थंड होतं आणि बाहेर आल्यावर जास्त घामेजतं.

सिलिकॉनच्या साच्यातून रेशमी, सॅटिनसारखी चमक येते. आरशासारखी हवी असेल तर पॉलिकार्बोनेटला पर्याय नाही, कारण चॉकलेट साच्याच्या पृष्ठभागाची नक्कल करतं. हीच नक्कल सपाट तुकड्यांसाठी स्वस्तात करता येते. ओएचपी शीट किंवा ॲसिटेटचा कागद (पारदर्शक प्लास्टिकचा) कापसाने पुसा, त्यावर बोटाने डस्ट घासा, झटका आणि वर कंपाउंडचा पातळ थर पसरा. गोठल्यावर शीट सोलली की खालची बाजू सोन्याच्या पत्र्यासारखी निघते. वर्तुळं, शिडं, पट्ट्या, अंक, सगळं असं होतं. '५०' हा आकडा असा करा. फक्त लक्षात ठेवा की चमक शीटच्या बाजूला येते, म्हणून आकडा उलटा काढावा लागतो. पाच मात्र हमखास फसतो.

साचा नसेल तर खऱ्या पानांवर चॉकलेट लावून पानं करता येतात. गुलाबाची किंवा लिंबाची पानं चांगली, आणि आपल्याकडे विड्याचं पान तर उत्तमच. मुळात खाण्याचं, हृदयाच्या आकाराचं, मागच्या बाजूला ठसठशीत शिरा. किंचित वास चॉकलेटला लागतो, पन्नासाव्या लग्नवाढदिवसाला तो शोभूनही दिसेल. फवारणी न केलेली पानं घ्या, धुवा, पूर्ण कोरडी पुसा, मागच्या बाजूला ब्रशने कंपाउंडचे दोन थर द्या, गोठू द्या आणि देठाकडून पान सोला. कण्हेर, क्रोटन, मनीप्लांट ही कितीही सुबक दिसली तरी विषारी आहेत, त्यांना चॉकलेट लावू नका.

अशा तयार पानावर डस्ट कोरडीच लावायची. पान खोलीच्या तापमानाला आलेलं असावं. कंपाउंडचा पृष्ठभाग खऱ्या चॉकलेटपेक्षा कडक आणि कोरडा असतो, त्यामुळे डस्ट कधीकधी धरत नाही आणि फुंकर मारली तरी उडते. अशा वेळी हेअर ड्रायर कमीत कमी गरमीवर ठेवून फूटभर अंतरावरून दोन-तीन सेकंद पानावरून फिरवा. चकाकी मंदावली की थांबा, ओलसर दिसायला लागली तर उशीर झाला. लगेच ब्रशने डस्ट टिपा, घासू नका. दोन मिनिटांनी पृष्ठभाग पुन्हा घट्ट झाला की मग मऊ कापसाने अगदी हलक्या हाताने चोळा. टिपण्याने डस्ट धरते आणि चोळण्याने झळकते. दोन्ही एकदम करायला गेलात की ओरखडे पडतात.

फुलपाखरांचं थोडं वेगळं आहे. ती तुम्ही बटर पेपरवर पाइप करणार आणि अर्धवट गोठल्यावर उघड्या पुस्तकाच्या बेचक्यात व्ही आकारात ठेवणार. त्या बारीक रेघा चोळल्या की तुटतात. तिथे ब्रश भरपूर डस्टने भरून वरून झटकत लावा आणि जादा डस्ट रिकाम्या ब्रशने उडवा. पूर्ण सोनेरी करायच्या फंदात पडू नका. पंखांच्या कडा सोनेरी आणि आतली जाळी काळी ठेवली तर लांबून उलट उठून दिसतात.

जिथे खरंच रंगवल्यासारखी ठळक रेघ हवी, म्हणजे पानाची मधली शीर किंवा आकड्याची कड, तिथे कोको बटर वापरा. एक छोटा चमचा कोको बटर वितळवा, ३२-३३ अंशांपर्यंत निवू द्या, त्यात अर्धा छोटा चमचा डस्ट मिसळा. बशी कोमट पाण्याच्या वाटीवर ठेवली की मिश्रण गोठत नाही, मात्र वाफ बशीत येऊ देऊ नका. डस्ट खाली बसते, म्हणून प्रत्येक वेळी ढवळून ब्रश बुडवा. हे मिश्रण नुसतं लावलं तर चमक थोडी दबते, कारण पापुद्रे मेदात बुडलेले असतात. उपाय सोपा आहे: रेघ ओढा, मिनिटभर थांबा, बोटाला जेमतेम चिकटेल इतकी घट्ट झाली की वरून कोरडी डस्ट टिपा. आतला थर गोंदाचं काम करतो, वरचा चमकतो. वोडका न वापरणाऱ्यांसाठी माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची पद्धत आहे. बहुतेक कंपाउंडमध्ये पाम कर्नेलसारखे मेद असतात आणि ते कोको बटरशी फार काळ नीट नांदत नाहीत, काही आठवड्यांत पांढुरका थर येऊ शकतो. पातळ रेघेला आणि चार-पाच दिवसांच्या मुदतीला हरकत नाही. पण वितळलेल्या कंपाउंडमध्ये कोको बटर किंवा उरलेलं खरं चॉकलेट ओतू नका, ते मऊ पडतं.

कोणतं सोनं दिसेल हे डस्टइतकंच खालच्या रंगावर अवलंबून आहे. डार्क कंपाउंडवर सोनेरी डस्ट जुन्या दागिन्यासारखी, थोडी काळपट, ब्राँझकडे झुकलेली दिसते. मला पन्नासाव्या वाढदिवसाला तीच आवडेल, पण ही आवडीची गोष्ट आहे. लखलखीत पिवळं सोनं हवं असेल तर व्हाइट कंपाउंड घ्या आणि १०० ग्रॅमला तेलात विरघळणारा पिवळा रंग चार-पाच थेंब आणि तपकिरी एक थेंब घालून मोहरीच्या छटेवर आणा. त्यावर तीच डस्ट दुप्पट झळकते आणि निम्मीच लागते. नेहमीचा जेल रंग इथे चालत नाही, तो पाण्याचा असतो आणि कंपाउंड लगेच घट्ट, दाणेदार होतं. चंदेरी डस्ट डार्कवर पोलादी दिसते, फिकट राखाडी व्हाइटवर चांदीसारखी. 'पर्ल' नावाची पांढरी डस्ट डार्कवर राख सांडल्यासारखी दिसते, ती व्हाइट चॉकलेटसाठीच ठेवा.

कंपाउंडऐवजी खरं कुव्हर्चर, म्हणजे कोको बटरचं चॉकलेट, घेणाऱ्यांना टेंपरिंग टाळता येत नाही. डार्क ४५-४८ अंशांना वितळवून २७-२८ पर्यंत उतरवायचं आणि पुन्हा ३१-३२ ला आणून ओतायचं. मिल्क २९-३० ला, व्हाइट २८-२९ ला. टेंपर चुकलं तर पहिल्या दिवशी डस्टखाली काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी कोको बटरचे राखाडी पट्टे वर येतात आणि सोनं फिकं पडल्यासारखं वाटतं, डस्ट बिचारी तशीच असते. पहिल्यांदाच करत असाल आणि समारंभ चार दिवसांवर असेल तर कंपाउंडच बरं. चवीत फरक आहे, तो केकच्या गनाशमध्ये (चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणात) भरून काढा.

आता ओघळणाऱ्या सोन्याकडे. इथे तुम्ही कुठे राहता आणि कोणता महिना आहे यावर बरंच ठरतं. हवेतला ओलावा एका ठराविक तापमानाखालच्या वस्तूवर पाणी होऊन बसतो, त्या तापमानाला दवबिंदू म्हणतात. पावसाळ्यात मुंबईत किंवा रत्नागिरीत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे पंचवीसहून थंड असलेली प्रत्येक वस्तू घामेजणार, फ्रीजमधलं पाच अंशांचं पान तर न्हाऊन निघणार. तीच खोली एसीने २४ अंश आणि ५० टक्क्यांवर आणली की दवबिंदू १३ पर्यंत उतरतो आणि १८ अंशांचं पान कोरडं राहतं. नागपूरला मे महिन्यात ४२ अंश आणि २० टक्के असताना दवबिंदू १४-१५ असतो. तिथे घाम कमी येतो आणि लवकर वाळतो, पण पानच वितळतं. कोकणात ओलाव्याशी झुंजायचं, विदर्भात उष्णतेशी.

म्हणून तयार पानं शक्यतो फ्रीजमध्ये ठेवूच नका. घट्ट झाकणाच्या डब्यात, बटर पेपरच्या थरांमध्ये, १८ ते २२ अंशांच्या खोलीत ती आठवडाभर उत्तम राहतात. बाहेर पारा तिशीच्या वर असेल आणि फ्रीजला पर्याय नसेल, तर डबा हवाबंद हवा. आत टिश्यू पेपर आणि खाण्याच्या वस्तूंसाठीची सिलिका जेलची पुडी, पानांना न लागेल अशी. बाहेर काढल्यावर डबा बंदच ठेवून पाऊण तास ते तासभर थांबा. आतली पानं खोलीइतकी गरम झाली की मगच झाकण उघडा. दव पडलं तरी ते डब्याच्या बाहेरच्या बाजूला पडतं. 'उघडून बघू जरा' ही इच्छा इथे सगळ्यात महागात पडते. दव पडलंच तर पुसू नका. एसीत उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या आणि डाग पडलेल्या जागी पुन्हा कोरडी डस्ट टिपा.

व्हिप्ड क्रीम हा ओलाव्याचा दुसरा स्रोत. क्रीमला टेकलेली कड दोन-तीन तासांत ओलसर होऊन डस्ट तिथे काळपट पडते. जे टोक क्रीममध्ये खुपसायचं ते सेंटिमीटरभर साध्या कंपाउंडमध्ये बुडवून घ्या आणि त्या टोकाला डस्ट लावूच नका. फुलपाखरांना मागून कंपाउंडच्या थेंबाने टूथपिक चिकटवा म्हणजे ती क्रीमला न टेकता वर तरंगतात; मात्र केक कापणाऱ्याला तसं सांगून ठेवा. गनाश किंवा बटरक्रीमचा केक असता तर एवढं जपावं लागलं नसतं.

काम करताना पंखा बंद. डस्ट घरभर होते हे एक, आणि अभ्रकाची पावडर फुप्फुसात जाऊ नये हे दुसरं. साधा मास्क लावा, लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका. हातांची ऊब खऱ्या चॉकलेटवर ठसे उमटवते, कंपाउंडवर कमी, तरी पातळ सुती हातमोजे बरे. रबरी मोज्यात हात घामेजतात.

पंपाच्या स्प्रे बाटलीतली डस्ट मोठ्या केकवर हलकी झाक मारायला ठीक आहे, २०-२५ सेंटिमीटर अंतरावरून. पानांवर ती विरळच दिसते. दाबाच्या डब्यातला सोनेरी स्प्रे जास्त भरतो, पण त्यात बहुधा अल्कोहोल आणि ज्वालाग्राही वायू असतो. गॅसजवळ किंवा पेटलेल्या मेणबत्तीजवळ मारायचा नाही, आणि लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं उघड्यावर राहू द्यायचा. चांदीचा वर्ख हा आपल्या ओळखीचा पर्याय आहेच. कोको बटरचा चिकटसर थर दिला की तो चॉकलेटवर छान बसतो. कागदासकट उलटा ठेवून दाबायचा आणि कागद उचलायचा. ॲल्युमिनियमचा खोटा वर्ख ओळखायचा तर थोडासा जाळून बघा, चांदीची चकाकती बारीक गोळी होते, ॲल्युमिनियमची करडी-काळी राख. पण तुम्हाला सोनं हवंय, आणि सोन्याचा वर्ख पंचवीस पानांना परवडणार नाही. लावलाच तर त्या '५०' वर एक तुकडा.

काम झाल्यावर काय चुकलं ते पानाकडे बघूनच कळतं. बोटाला सोनं लागतंय, तर डस्ट जास्त झाली किंवा झटकली नाही; कोऱ्या ब्रशने उडवून कापसाने चोळा. मातकट, चमक नसलेला थर, तर चोळलं नाही किंवा कंपाउंड फार गरम होतं. पिनच्या टोकाएवढी भोकं म्हणजे बुडबुडे, साचा आपटायला कंटाळा केला. सोनं फक्त शिरांत आणि बाकी पान कोरं, तर साच्यात बोटाने घासलं नाही. ढगाळ डाग म्हणजे दव.

प्रमाण सांगायचं तर चार-पाच सेंटिमीटरची २५ पानं, १२ फुलपाखरं आणि एक आकडा यांना २०० ग्रॅम कंपाउंड पुरतं आणि डस्ट दोन ग्रॅमच्या आत. चार-पाच ग्रॅमची एक डबी घेतली की उरते. पाच-सहा पानं आणि तीन फुलपाखरं जादा करा, फुलपाखरं तुटतातच.

समारंभ रविवारी संध्याकाळी असेल तर गुरुवारी पानं आणि आकडा साच्यातून काढा, शुक्रवारी फुलपाखरं आणि कोको बटरच्या रेघा, शनिवारी केक आणि क्रीम. रविवारी केक फ्रीजमधून निघायच्या तासभर आधी पानांचा डबा बाहेर काढून ठेवा आणि सजावट हॉलवर पोचल्यावरच, एसी सुरू असताना लावा. थंड क्रीमवर टेकलेली पानं हळूहळू गार होतात, म्हणून लावणं आणि कापणं यांत तासाभरापेक्षा जास्त अंतर नको. ठिणग्या उडवणारी फाउंटन मेणबत्ती लावणार असाल तर ती सजावटीपासून वीतभर तरी लांब, तिच्या उष्णतेने फुलपाखरांचे पंख वाकतात.

सरावाची जी पानं चिकट झाली, ती ज्या डबीने रंगवली ती खाण्याची नसेल तर सरळ कचऱ्यात. वितळवून पुन्हा वापरू नका, डस्ट आत मिसळली तरी ती जात नाही. डबी खाण्याचीच निघाली, तर पानं चिरून गरम क्रीममध्ये घाला आणि गनाश करून केकच्या थरांत भरा. इसेन्सचा ओलावा तिथे काही बिघडवत नाही, आणि व्हॅनिला तर त्यात आधीच आहे.